रोज एक वीत जवळ

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि मी. वन्संनी दारातच मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, नवरा जाऊन वर्ष झालं तरी तुझी जाडी काही उतरली नाही. मी म्हटलं, वन्सं, दुःख जड असतं, त्याचंच वजन आहे हे. तोंड फिरवून हसल्या. मी पाहिलं बरं का.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. बहीण-भाऊ बारा वर्षं बोलत नव्हते. वन्संचे मालक गेले तेव्हा हे एक दिवस उशिरा पोचले. बाहेरून हाका मारमारून थकले, पण वन्संनी दार उघडलं नाही. मग हे गेले, तेव्हा वन्सं आल्या नाहीत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नोकरीला परगावी. तोच म्हणाला, मामी, आईकडे जाऊन राहा, तिला भांडायला तरी कुणी हवं.

घर ऐसपैस आहे. मागे गवताचं अंगण, पलीकडे दाट कुंपण, त्यात पाखरांचा नुसता गलबला.

गुरुवार, ६

कपाटात भाच्याचा कॅमेरा सापडला, लांब नाकाचा. त्याने फोनवरून शिकवलं. मी त्याला मुद्दाम भाचेबुवा म्हणते, अहो-जाहो करते. केस पिकले तरी चिडतो!

त्याचे नियम असे. रोज त्याच वेळी, त्याच कपड्यांत, मागच्या दारापाशी खुर्ची टाकून बसायचं. दाण्यांची ताटली आधी कुंपणाजवळ ठेवायची, मग रोज एक वीत जवळ आणायची. पाखरू आपल्या पायाशी कधी आलं ते त्याचं त्यालाही कळत नाही. शिवाय फोनवर मादीचा आवाज लावायचा, की नर मान वाकडी करत हजर. मी म्हटलं, हे मला कशाला शिकवता, चाळीस वर्षं संसार केलाय. आणि कोण आलं, किती वाजता, ते लिहून ठेवायचं. म्हणून ही वही. सातवी झालेय, अक्षर बरं आहे.

आज चिमण्या नऊ, शेपटीला टक्कल पडलेली खार एक, कुंपणावर सरडा. चिमणीच्या फोटोत डोकं आलंच नाही, नुसतं बूड. वन्सं म्हणाल्या, काढणारीच्या स्वभावाला शोभतोय.

रविवार, ९

बुलबुल! डोक्यावरचा तुरासुद्धा स्पष्ट. वन्संनी चष्मा लावून तीनदा पाहिला.

नंतर एक गंमत झाली. पाखराचा आवाज संपला आणि फोनवर पुढचं आपोआप लागलं, ते नेमकं ह्यांचं बोलणं. घरची बेल बिघडली होती तेव्हा फाटकातून पाठवलेलं. अगं ए, दार उघड की, मीच आहे. मी जपून ठेवलंय. बंद करेपर्यंत तीनदा वाजलं. अंगणातली सगळी पाखरं एकदम उडाली. मी हसले, म्हटलं, मेल्यावरही धाक आहे हो तुमचा.

हसले, पण ते पुसलं मात्र नाही.

बुधवार, १२

सकाळी नऊ. कुंपणातून ह्यांचा आवाज. अगं ए, दार उघड की, मीच आहे.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, साळुंकी असणार. ती नकला करते. कॅमेरा धरून अकरापर्यंत बसले. आवाज चारदा आला, साळुंकी दिसली नाही.

वन्सं स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. साळुंकीचं सांगितलं तर मान हलवली. जेवल्या मात्र नाहीत.

शुक्रवार, १४

एकही पाखरू नाही. दाणे तसेच.

परवा आवाज कुंपणातून होता. काल अंगणातल्या नळाजवळून. आज त्याच्याही अलीकडून. तीन दिवसांचे फोटो मोठे करून पाहिले. काही नाही, नुसतं गवत. पण गवतात एक जागा दबलीय, कुणी बसून असावं तशी. काल ती नळापाशी होती. आज ताटलीपाशी आहे.

मी ताटली आत आणली.

शनिवार, १५

आज आवाज म्हणाला, अक्का, दार उघड की.

अक्का! फोनवर हे नाही. हे वन्संना अक्का म्हणायचे, पण ते मी कुठं लावलं होतं?

वन्संना विचारलं. रडायला लागल्या. पहिल्यांदाच पाहिलं त्यांना रडताना. म्हणाल्या, रोज तू आंघोळीला गेलीस की मी खिडकीतून बोलते त्याच्याशी. म्हणते, तुझी अक्का इथंच आहे रे, तेव्हा दार नाही उघडलं, आता उघडीन.

म्हणजे ते स्वतःचं काही बोलत नाही. आपण देऊ तेच तोडून-जोडून परत देतं. आणि रोज जवळ येतं. मी चिमण्यांच्या बाबतीत करत होते तेच.

वन्संना सांगितलं, हात जोडून सांगितलं, ते हे नाहीत. एक शब्दही देऊ नका त्याला. त्या म्हणाल्या, तू आमच्या मध्ये येऊ नकोस.

रविवार, १६

मागच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली डब्यात लपवली. फोनवरचं ह्यांचं बोलणं पुसलं. 

भाच्याला फोन केला. हसला. म्हणाला, मामी, तुमच्या थट्टा कधी संपायच्या? शप्पथ घेतली तेव्हा म्हणाला, उद्या चारपर्यंत येतो.

वन्सं दाराला कान लावून बसल्यात.

सोमवार, १७. सकाळ

वन्सं नाहीत.

आंघोळीहून आले तर डबा पालथा, दार सताड उघडं. वन्संची काठी गवतात. बाहेर धावले, ओरडले. वन्सं, इकडे या हो, इकडे या, मी इथंच आहे— पाय वाकडा पडला, फोन कुठंतरी गेला. तरी ओरडत राहिले. सगळं अंगण ऐकत होतं.

काय करून बसले मी.

दुपार

सरपटत आत आले. दार लावलं. पाय सुजून भोपळा झालाय, उभं राहवत नाही.

मागच्या पायरीवरून वन्संचा आवाज. दार उघड की, मीच आहे. वन्सं असं बोलत नाहीत, हे ह्यांचे शब्द. खिडकीतून कॅमेरा धरला. पायरीपाशी दोन जागा दबलेल्या—

बोलायचं नाही. काही बोलायचं नाही.

चार

फाटक वाजलं. भाचा. पुढच्या खिडकीतून दिसतोय. पुढच्या दाराची कडी वर, हात पोचत नाही—

त्याने हाक मारली, मामी! मी तोंड उघडायच्या आत मागून— इकडे या हो, मी इथंच आहे—

माझा आवाज.

हसला तो. अहो-जाहो ऐकून हसला. मागच्या अंगणात जाणाऱ्या बोळाकडे वळला—

काच ठोकली. ओरडले, जाऊ नका! मागून लगेच, जाऊ नका, इकडे या हो— थांबलाय. इकडे बघतोय, तिकडे बघतोय—

आता आवाज द्यायचा नाही. मोठं लिहिते, काचेला लावते—

मागे मी नाही

तुझी आई नाही

फाटकाबाहेर पळ तू

बघ अहो-जाहो नाही तू म्हणतेय मी तू