दोन्ही उत्तरं खरी होती

मॅडम, तुमचं बरोबर होतं. कंप्युटरच्या जावा भाषेच्या त्या तासाला तुम्ही फळ्यावर जे लिहिलं होतं ते बरोबर होतं, आणि चुकलो होतो आम्ही, त्यातही जास्त मी. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. सांगायची वेळ आली होती. तुम्ही स्वतः विचारलं होतं.

सोलापूरच्या आपल्या कॉलेजातली, पहिल्या मजल्यावरची ती लॅब मला अजून दिसते. मागच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट खिडकीतून येतोय आणि तुम्ही त्याच्यावर आवाज चढवून शिकवताय. विभागात तुम्ही एकट्याच बाई. घरी तेलुगू, वर्गात मराठी, पुस्तक इंग्रजी. घाई झाली की तिन्हींची सरमिसळ व्हायची आणि मागच्या बाकांवर तुमची नक्कल चालायची. मीही हसायचे. मी जेऊरहून आलेली, माझ्या 'न्हाय'ला आणि 'कुटं'ला हीच मुलं हसायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला हसू लागली की मला सुटल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी तुम्ही वेबसाइटचा पत्ता जावात कसा हाताळायचा ते शिकवत होतात. पत्ता नुसता अक्षरांची ओळ म्हणून ठेवला तर त्याला काही विचारता येत नाही, पण त्याचा यूआरएल ऑब्जेक्ट केला की विचारता येतं, तुझं मशीन कुठलं, त्यावरची फाइल कुठली. "आणि दोन पत्ते समोर ठेवून विचारायचं, तुम्ही दोघं एकच का? त्याला इक्वल्स." मग तुम्ही फळ्यावर दोन वेगवेगळ्या साइटचे पत्ते लिहिलेत, आपल्या कॉलेजचा आणि आपल्याच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजचा, आणि म्हणालात, "गंमत बघा. नावं वेगळी आहेत, तरी उत्तर ट्रू येतंय, म्हणजे दोघं एकच. मी काल ऑफिसच्या मशीनवर बघितलंय."

आम्ही चालवून पाहिलं. प्रत्येक मशीनवर फॉल्स. हशा पिकला. तुम्ही माझ्याच खुर्चीशेजारी वाकून पुन्हा टाइप केलंत, एकेक अक्षर तपासत. फॉल्स. "काल आलं होतं की," तुम्ही पुटपुटलात. मी मोठ्यानं म्हटलं, "मॅडम, मशीन काल एक म्हणतंय, आज एक म्हणतंय, असं कसं वो?" दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसातून प्रिंटआउट आणलात. त्यावर स्पष्ट ट्रू छापलेलं होतं. तुमचा चेहरा किती खुलला होता. मी तो कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "मॅडम, प्रिंटआउट काय, कुणीबी काढतंय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागावला नाहीत. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवलीत आणि फळ्याकडे वळलात. त्या तासाला पुढं काय शिकवलंत ते मला आठवत नाही.

आठवड्याभरात मुलांनी प्राचार्यांना अर्ज द्यायचं ठरवलं. मला म्हणाले, "तू लिही. पोरीनं लिहिलं म्हणजे बाईंना त्रास देतोय असं कुणी म्हणणार नाही." मी लिहिलं. मॅडमना विषय येत नाही, एकाच प्रश्नाची रोज वेगळी उत्तरं देतात, हे वाक्य माझं. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, माझी मधे कुठंतरी, सहज दिसू नये अशी. विषय दुसऱ्या सरांकडे गेला. तुम्हाला लॅबची हजेरी घ्यायला बसवलं. वर्ष संपलं आणि तुम्ही नोकरी सोडलीत. निरोप समारंभही झाला नाही.

पुण्यात नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे दुकानांच्या वेबसाइटची मोठी यादी होती. त्यात एकच पत्ता दोनदा असेल तर एक काढून टाकायचा, एवढंच काम. माझ्या मशीनवर नेट बंद ठेवून तपासलं तर यादी नीट यायची. सर्व्हरवर चढवली की कितीतरी दुकानं गायब. दोन दिवस मी डोकं धरून बसले होते. शेवटी आमच्या सीनिअर बाईंनी जावाचा आतला कोड उघडून दाखवला. "अगं, हा नुसती नावं बघत नाही. नेट असेल तर विचारून येतो, हे नाव कुठल्या मशीनवर आहे. दोन्ही साइट एकाच मशीनवर असल्या आणि पुढची फाइलही तीच असली, तर म्हणतो, दोघं एकच. नेट नसेल तर नावं बघतो. मग म्हणतो, वेगळे."

दोन्ही कॉलेजांच्या साइट एकाच मशीनवर होत्या आणि कॉलेजच्या ऑफिसात नेट होतं, मॅडम. लॅबमध्ये नव्हतं. एवढंच होतं सगळं. सीनिअर बाई पुढं सांगत होत्या, यासाठी यूआरएल नको, यूआरआय वापर, तो नेटवर जात नाही, नुसती नावंच बघतो. मी मान हलवत होते आणि मला फक्त तुमची ती कागदाची घडी दिसत होती.

त्या दिवाळीत मी आईबरोबर बहिणीच्या रुखवतासाठी चादरी घ्यायला सोलापुरात आले, तर दुकानात गल्ल्यावर तुम्ही. दुकान तुमच्या भावाचं. "तू जेऊरची ना गं?" म्हणत उठलात, चहा मागवलात, नोकरीचं ऐकून मला एक टॉवेल भेट दिलात आणि आईला म्हणालात, "लई हुशार पोरगी तुमची." मी बुटांकडे बघत होते. मग आई चादरी निवडायला आत गेल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "तू जावातच आहेस न्हवं? ते इक्वल्सचं काय होतं गं? मला अजून समजलं नाही. माझंच काहीतरी चुकलं असंल."

दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पण ते सांगितलं की अर्जाचंही निघालं असतं, अक्षर कुणाचं तेही, असं मला वाटलं. मी म्हणाले, "हो मॅडम, होतं कधी कधी असं." तुम्ही मान हलवलीत. "व्हय," म्हणालात, "तेच म्हणते मी." आणि चादरीची घडी घालायला लागलात.

पुढच्या दिवाळीला जाऊन सांगू असं ठरवलं होतं. त्याआधीच हॉस्टेलच्या मैत्रिणीचा फोन आला, तुम्ही गेलात म्हणून. आजार बरेच महिने होता म्हणे. त्याला आता खूप वर्षं झाली. मी परत सोलापुरात राहते, घरून काम करते. अक्षर तुम्ही तेव्हाच ओळखलं होतंत का, हे मला कधीच कळणार नाही. दोन वर्षं माझ्या वह्या तुम्हीच तपासत होतात.

तुमची मुलगी याच शहरात आहे. हे लिहिलेलं तिला नेऊन द्यावं असं सकाळपासून मनात येतंय आणि मी ते करणार नाही, हेही मला माहीत आहे. आणखी एक. कंपनीत नवीन आलेल्यांना ऑनलाइन जावा मीच शिकवते, आणि दरवेळी तुमचेच ते दोन पत्ते दाखवते, नेट चालू ठेवून आणि बंद करून. गेल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "कुणी नाही. माझं मीच शोधलं."