निबंधात आई नको

१९ सप्टेंबर

निबंध परत आला! प्रुइटबाईंनी — शाळेत आमचे कॉलेजचे अर्ज बघतात त्या — वर लाल पेनानं लिहिलंय, 'सुंदर! पण ब्रिटनला चालणार नाही.' म्हणजे काय? अख्खा उन्हाळा घालवलाय मी त्यावर. आई चार वर्षांपूर्वी स्कॉटलंडला, ॲबर्डीनला नोकरी घेऊन गेली, मी नि बाबा इथं डुलुथमध्ये मागे राहिलो, मी कशी खचले, कशी सावरले — सगळं आहे त्यात. वाचताना बाईंनी डोळे पुसले होते. इथल्या कॉलेजांना तर हाच पाठवायचाय!

आता म्हणतात, "तिकडच्यांना तुझं आयुष्य नकोय, लिनेआ. त्यांना विषय हवाय. भूशास्त्रच का, तेवढं सांग."

भूशास्त्रच का? मला काय माहीत! इथं विषय दोन वर्षांनी ठरवतात, तिकडे अर्जातच. रसायन बरं येतं म्हणून यादीत त्याच्या जवळचं दिसलं त्यावर बोट ठेवलं. खरं कारण एकच — आई तिथं आहे. बाबाला सांगितलंय की मला दगड आवडतात. खरं कळलं तर तो काही बोलणार नाही, आणि तेच मला सहन व्हायचं नाही.

२६ सप्टेंबर

चार हजार अक्षरं भरायची आहेत. माझ्याकडे तीन आहेत. द, ग, ड.

९ ऑक्टोबर

कपडे धुवायच्या यंत्रात पुन्हा खडखडाट! बाबाच्या खिशातल्या गोळ्या. धक्क्यावर बोटींत लोहखनिज भरतात, त्याच्या या बोराएवढ्या गोळ्या. आमच्याकडे सोफ्यातसुद्धा निघतात. मी ओरडले, "बाबा, किती वेळा सांगू, खिसे झाडत जा!"

तो हसला. "दगडांचा अभ्यास करणार ना तू? मग घे, घरपोच! तीस वर्षं दगडच भरतोय मी, मला नाही दिली कुणी डिग्री."

मी सहज विचारलं, यातलं लोखंड मुळात आलं कुठून? म्हणाला, "इथं समुद्र होता म्हणतात कधीतरी. मला विचारू नकोस बाई, मी फक्त भरतो."

शोधलं. खरंच समुद्र होता! दोनशे कोटी वर्षांपूर्वी. लोखंड पाण्यात विरघळलेलं. मग हवेत प्राणवायू यायला लागला आणि अख्खा समुद्र गंजला. गंजला! वाचता वाचता भाजी करपली. बाबानं निमूटपणे खाल्ली.

१४ जानेवारी

अर्ज गेला. ३,९८६ अक्षरं. सगळी लोखंडावर, आईवर एकही नाही. धडधडीत खोटं बोलल्यासारखं वाटतंय. पण खोटं नेमकं कुठलं? लिहिलंय ते तर सगळं बरोबर आहे.

संध्याकाळी आईचा फोन. "तुझी खोली मी मनात रंगवूनसुद्धा ठेवलीय!" बाबा शेजारीच होता. उठून बर्फ काढायला गेला. बर्फ त्यानं सकाळीच काढला होता.

२१ फेब्रुवारी

मुलाखत झाली. मेले!

डॉ. गिलफिलन म्हणून तिकडचे प्राध्यापक, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. प्रुइटबाईंनी पढवलं होतं — हसत राहा, 'माहीत नाही' कधी म्हणू नकोस, स्वतःबद्दल सांग. त्यांनी स्वतःबद्दल विचारलंच नाही! म्हणाले, "जवळ एखादा दगड आहे?" मी खिशातली गोळी दाखवली. "हा दगड आहे?" हो म्हटलं. "मला नाही वाटत." मग नाही म्हटलं. "का नाही?" असा तासभर छळ. प्रत्येक वाक्य खोडून काढलं त्या माणसानं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "माहीत नाही मला!" तर म्हणतात, "छान. मग आता अंदाज कर."

आणि केला मी. चुकले, पुन्हा केला. वेळ संपली तेव्हा मला थांबायचंच नव्हतं. आता बसलेय रडत. जागेसाठी रडतेय की मुलाखत संपली म्हणून, तेही कळत नाही.

१४ मार्च

घेतलं! म्हणजे — घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण मे महिन्यातल्या तिन्ही परीक्षांत पाचपैकी पाच मिळाले तर. ही कसली तऱ्हा? हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही!

बाबाला 'पण'च्या आधीचं तेवढंच ऐकू आलं. घरी आले तर अंगणात बर्फात बोर्ड रोवलेला, विद्यापीठाचं नाव हाताएवढ्या अक्षरांत. "अरे, पक्कं नाहीये अजून!" तर म्हणे, "पत्रात अभिनंदन लिहिलंय की! इंग्रज काय उगाच अभिनंदन करतात?" स्कॉटिश, मी म्हटलं. अख्खी गल्ली येऊन केक खाऊन गेली.

१ मे

आज शाळेत सगळे आपापल्या कॉलेजचे शर्ट घालून आले. मी साधा निळा. इथल्या एका कॉलेजनं घेतलं होतं, त्यांना कळवायचा आज शेवटचा दिवस; मी 'नाही' कळवलं. एकही पाच हुकला तर शर्टच नाही, कुठलाच.

७ जुलै

पाच! पाच! पाच!! जागा पक्की. बाबा धक्क्यावरून फोनवर ओरडला, मागं बोटीनं भोंगासुद्धा वाजवला. तो म्हणतो त्यानंच वाजवायला लावला. मी आईला कळवलं. तिचा फक्त 'बोलू उद्या'. असं का?

८ जुलै

आई परत येतेय. इकडे! मिनीॲपोलिसला, ऑगस्टमध्ये, कायमची. तिथलं ऑफिस बंद होतंय. एप्रिलपासून माहीत होतं तिला. "तुझ्या परीक्षा होत्या ना, म्हणून नाही बोलले गं. आता आपण दोन तासांवर! इथलं कॉलेज घेईल की अजून, विचारून बघ." मी हो हो म्हणत राहिले.

बाबाला सांगितलं. म्हणाला, "तू कशासाठी जातेस ते ठाऊक होतं मला. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी आई आहे ती. मी काय बोलू?" मग दारापर्यंत जाऊन वळला. "बोर्ड काढू का?"

माहीत नाही म्हटलं. वर येऊन अर्ज पुन्हा वाचला, सगळी ३,९८६ अक्षरं. खोटं कुठं आहे ते शोधत होते. सापडेना.

९ जुलै

सकाळी बाबा अंगणात बोर्डापाशी उभा होता. मी खिडकीतूनच ओरडले, "राहू दे!"