पांघरुणातला हात

शनिवार, १४ जून

प्रिय दादा,

तू बरा असशील. वहिनीला नमस्कार. इथे जे घडलं ते आधी सरळ लिहिते.

१. गुरुवारी आईला डायलिसिसला घेऊन गेले.
२. सगळ्या पेशंटना विचारते तसं तिलाही विचारलं, "लावू का?" पेशंट हात पुढे करतो, मगच आम्ही सुई घालतो. तिने हात पांघरुणातून काढला नाही.
३. मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. मशीन जोडलं नाही.
४. काल तू डॉक्टरांना फोन करून डायलिसिस थांबवायला हरकत घेतलीस. हे मला त्यांच्याकडून कळलं.

फोन न करता मेल लिहितेय, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. तू नीतिशास्त्र शिकवतोस, मी मशीन चालवते. जीव राखणं हा निसर्गाचाच पहिला नियम, त्यात आपली आवडनिवड नसते, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण उपचाराचा जाच उपयोगापेक्षा जड झाला, तर तो सोडणं म्हणजे जीव घेणं नव्हे, हेही तूच शिकवतोस ना? तिचं हृदय थकलंय. गेला महिनाभर दर वेळी मशीनवर घेतलं की ब्लडप्रेशर कोसळतं, पायांत गोळे येतात, आणि ती चादरीचा बोळा तोंडात धरून ओरडते. तू हे पाहिलेलं नाहीस.

तुझं म्हणणं तिला सांगितलं. म्हणाली, "त्याला म्हणावं, तुझा नियम घेऊन ये आणि चार तास या खुर्चीत बस. मला काय लोणचं घालून ठेवणार आहात?" आणि हसली. मीही हसले.

आता अवघड भाग. तुझ्या मते सगळं हेतूवर ठरतं. तिचा त्रास थांबावा, हा हेतू चालतो. मरण यावं, हा चालत नाही. सुई ठेवताना माझ्या मनात पहिला होता. दुसराही होता. सुटशील गं एकदाची, असं वाटलं. आणि मीही सुटेन, असं. त्यात तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मला वेगळं काढता येत नाही. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तिच्यावर ठेव.

डॉक्टर म्हणतात, ती शुद्धीवर आहे तोवर तिचा शब्द चालेल. ग्लानीत गेली की आपल्या दोघांचा. आपलं एकमत नसेल तर ते मशीन लावायला सांगणार. आज सकाळपासून ती वाक्यं अर्धवट सोडतेय. म्हणजे तुला काहीच करायला नको, दादा. नुसतं थांबलास तरी तुझं खरं होईल.

सोमवारी तिचं पुढचं डायलिसिस आहे आणि ड्युटी माझी आहे. मी नाही म्हटलं तर दुसरी कोणी लावेल.

हरकत मागे घेणार असशील तर डॉक्टरांना सांग. नसशील तर स्वतः ये, आणि ती बोलतेय तोवर तिच्या तोंडावर सांग. दोन्हींपैकी काय ते मला उद्या, रविवारी संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
धाकटी