उपाशीपोटी कवायत

सालातिगा,
शनिवार, १५ सप्टेंबर २०१८

चि. धाकटी दिक निंग हिस वुर्यानीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला आठवतं का, होस्टेलच्या अंगणात सिस्टर लुदोविका आपल्याला पहाटे लाकडी मुद्गल फिरवायला लावायच्या, आणि तू माझ्या मागे उभी राहून मोज्यात दडवलेले शेंगदाणे खायचीस? एकदा तुझा मोजा सैल झाला आणि शेंगदाणे सगळ्या अंगणभर घरंगळले. मी म्हटलं, माझे आहेत. मला त्या दिवशी न्याहारी मिळाली नाही, तरी दुपारपर्यंत टुणटुणीत होते. धाकट्या बहिणीसाठी खोटं बोलल्याचा पश्चात्तापही झाला नाही, हे सिस्टरना कधी कळलं नाही.

आता सहासष्टाव्या वर्षी मात्र माझं अंग माझं ऐकेनासं झालंय. आरोग्य केंद्रात आम्हा मधुमेहवाल्यांची दर शुक्रवारी गाण्यांवर नाचत कवायत असते, ते तुला ठाऊक आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी उपाशीपोटी रक्त तपासतात. सात तारखेला रक्त घेणारी मुलगी उशिरा आली, म्हणून कवायतीच्या बाईंनी आधी कवायत उरकून घेतली. तिसऱ्या गाण्याला माझे हात थरथरले, दरदरून घाम फुटला, आणि मी भुईवर बसले ती उठेचना. बोट टोचलं तर साखर अठ्ठावन्न.

बरं, म्हणावं कवायतीने साखर उतरते. पण मंगळवारी आमची तालुक्याच्या कवायत स्पर्धेची तालीम होती. रोजच्यासारखी न्याहारी करून गेले. आधी एकशे अठ्ठेचाळीस होती. परीक्षक बाई वही घेऊन समोर बसल्या, गाणं जोरात लागलं, आणि नाचून झाल्यावर दोनशे एकतीस! तेच अंग, तोच नाच. मग खरं कोणतं? मला वाटतं, शुक्रवारी यंत्रच बिघडलं असावं, आणि खाऊन नाचलं की साखर चढत असावी. काल भीतीने गेलेच नाही. येत्या शुक्रवारी मात्र काही न खाता जाणार आहे.

प्रास्तीला यातलं काही कळू देऊ नकोस. मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरले, तेव्हाच माझ्या लेकीने बजावलं होतं की आई, पुन्हा पडलीस तर गाडी घेऊन येईन, घराला कुलूप लावीन आणि तुला बेकासीला नेईन. तिच्या त्या चौदाव्या मजल्यावर मी काय करू? खाली पाहिलं तरी भोवळ येते, तीही साखर न उतरता.

फोन करत नाही, कारण तुला एका कानाने अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतेस. थोरल्या बहिणीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी म्बाक,
वुर्यानी


मालांग,
बुधवार, १९ सप्टेंबर २०१८

ती. म्बाक वुर्यानीच्या चरणी निंगचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं चक्रावलं. तू आकडे असे पाठवलेस, जसे सोडतीचे लागलेले नंबर. अठ्ठावन्न आणि दोनशे एकतीस, पण त्या दिवशी मधुमेहाची गोळी केव्हा घेतलीस, ते कुठेच नाही. मी तीनदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, गोळीची वेळ कळल्याशिवाय मी काय सांगू, मी काय ज्योतिषी आहे? मग एवढं मात्र म्हणाला की गोळी घेऊन उपाशी नाचू नये. तेव्हा काही न खाता जाऊ नकोस. तुझं यंत्र बिघडलेलं नाही, तुझा हिशेब बिघडलाय. एक वही कर. वेळ, खाणं, गोळी, आकडा, सगळं एका ओळीत लिही आणि डॉक्टरांपुढे ठेव.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातंय. प्रास्तीचा रविवारी फोन आला. आई कशी आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठणठणीत. ती म्हणाली, मावशी, तुम्ही दोघी शाळेत एकमेकींसाठी किती खोटं बोलायचात ते आईनेच मला सांगितलंय. मला दरदरून घाम फुटला, आणि मला तर मधुमेहही नाही! सहा ऑक्टोबरला ती ऑफिसच्या कामाने इकडे येतेय, तिथून गाडीने तुझ्याकडे. समोरासमोर मला खोटं जमायचं नाही, म्बाक. तूच काय ते ठरव.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र धाड.

तुझीच,
निंग


सालातिगा,
बुधवार, २६ सप्टेंबर २०१८

चि. दिक निंग हिस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. कवायत शुक्रवारी झाली. एका दिवसाने चुकामूक झाली बघ.

शुक्रवारी ठरवल्याप्रमाणे काही न खाता गेले. कवायत छान झाली, मी पहिल्या रांगेत. मनात म्हटलं, जिंकले! परतताना शेजारच्या बू लास्मिनींनी ओढून घरात नेलं, नातीच्या बारशाची बोलणी करायला. गोड चहाचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि त्या केळी तळायला आत गेल्या. तेवढ्यात हात थरथरू लागले. चहा हातभर अंतरावर होता, निंग. पण त्यांनी अजून घ्या म्हटलं नव्हतं, मग मी पेल्याला हात कसा लावणार? शिवाय गोड चहा म्हणजे माझ्यासाठी विषच, असंही वाटलं. पेल्यावरची वाफ मोजत बसले. मग वाफही दोन-दोन दिसायला लागली.

जाग आली तेव्हा बू लास्मिनी माझ्या ओठांना चमच्याने चहा लावत होत्या, रडत होत्या आणि शिव्याही देत होत्या. म्हणाल्या, घर पेटलं तरी तुम्ही दारात उभ्या राहून विचाराल की आत येऊ का! गालाला मार लागलाय, डोळ्याखाली वांग्याच्या रंगाचा डाग आहे. सोमवारी त्याच मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टर माझ्या प्रास्तीपेक्षाही लहान आहे, पण ओरडली नाही. तिने आधी गोळीचंच विचारलं. मी सांगितलं, पहाटे उठल्याबरोबर, उपास असो नसो, प्रार्थनेआधी. ती म्हणाली, इबू, तुम्ही उपाशी आहात हे गोळीला कसं कळणार? ती आपली साखर उतरवत बसते, वर तुम्ही नाचता. तपासणीच्या दिवशी गोळी पिशवीत ठेवायची, रक्त देऊन झालं की न्याहारीबरोबर घ्यायची, मग कवायत. नाचण्याआधी आकडा शंभराच्या खाली असेल तर थोडं खायचं. सत्तरच्या खाली गेला तर लगेच गोड घ्यायचं, पाव तासाने पुन्हा बोट टोचायचं. तेव्हा साखर विष नसते, औषध असते.

मग त्या दोनशे एकतीसचं काय? ती म्हणाली, परीक्षक समोर असले की जीव घाबरा होतो, जोराने नाचलं की अंग स्वतःच साठवणीतली साखर बाहेर काढतं. थोड्या वेळाने उतरते, त्यासाठी उपाशी राहायचं नसतं. मला पटलं. घरी येऊन काल बागेत आल्याचा वाफा खणला, खाऊनपिऊन, आणि सगळं ठीक होतं. संध्याकाळी चार वाजता बसल्या जागी सहासष्ट! गोड तोंडात टाकून पुन्हा डॉक्टरांकडे धावले. तर ती म्हणे, श्रमाचा परिणाम असा तासांनी उशिराही येतो. आता तूच सांग, अशा अंगाला काय म्हणावं? मी तिला म्हटलं, मला अजूनही सगळं कळलेलं नाही. ती म्हणाली, कळलं नाही तरी चालेल, लिहीत राहा. आणि एकटं राहायचं असेल तर हे चार जणांना माहीत असू द्या. लपवाल तर एकटं राहता येणार नाही.

हे मात्र मला कळलं. घर वाचावं म्हणून मी लपवत होते, आणि लपवण्यानेच ते जाणार होतं. कदाचित गेलंही असेल. म्हणून तुझ्या सांगण्यासारखी वही केलीय. साखर उतरल्याच्या आधीच्या दोन वेळा आठवून लिहिल्यात, तारखेसकट, चहासकट. खोटं बोलू नकोस. माझ्यासाठी पुरे झालं.

थोरलीवर लोभ कमी करू नकोस, ती अजून शिकतेय.

तुझी म्बाक,
वुर्यानी

ता. क. सोबतच्या पुडक्यातली वही प्रास्तीला दे, पण आधी तिला जेवू घाल. तिच्याबरोबर तूही इकडे ये. तिने मला राहू दिलं तर घराची दुसरी किल्ली बू लास्मिनींकडे, साखरेच्या गोळ्यांचं एक पाकीट त्यांना आणि एक कवायतीच्या बाईंना, डॉक्टरांचा नंबर प्रास्तीला. नेलंच तर कोंबड्या आणि आल्याचा वाफा बू लास्मिनींना, शिवणयंत्र तुला, पहिल्या रांगेतली जागा जी मागेल तिला. कवायतीचा पिवळा सदरा मात्र कुणाला देऊ नकोस, माझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेव. बेकासीलाही शुक्रवार येत असेलच.