अर्धशिशी आणि भलत्याच कानातले डूल

माझी थोरली बहीण कालिपा एजे हिला कोच्कोरहून धाकट्या झूराचा सलाम, हात छातीवर ठेवून आणि मान वाकवून. (मान वाकवली की अजून ठणका लागतो, तरी वाकवली आहे.) तुझी मेंढरं, तुझी गाय आणि तुझी माणसं सुखरूप आहेत ना? आधी जनावरांचं विचारलं म्हणून फुगू नकोस, रीतच तशी आहे, आणि माणसांची खबर मला न विचारताच मिळते, कारण तुझ्या तालासची माणसं फार बोलतात. तुझा गुडघा कसा आहे? राजमा वाळला का? पुढचे दात बसवलेस का, की अजून हसताना हात आडवा धरतेस? आम्ही इकडे सगळे आनंदात आहोत. हे खोटं आहे, पण पत्रात असंच लिहितात.

फोन न करता पत्र का लिहिते, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी दोन शब्द बोलले की तू चार बोलतेस, आणि मग म्हणतेस, पैसे संपत आले, ठेव. कागदाला तोंड नसतं. शिवाय फोनची काच उजळली की माझ्या डोळ्यात सुई जाते. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, शाळेपेक्षा कोकरांत माझे जास्त दिवस गेले, तेव्हा जे लागणार नाही ते शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घे. नाही, नको. तिच्याकडून नको. खाली काही खाजगी आहे, तूच चष्मा लाव.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडून येणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या बायकोनं सांगितलं की तू कुणाच्या तरी बारशाला चार बायकांत बसून, तोंडात तळलेला बोर्सोक कोंबून म्हणालीस, "आमची झूरा अशीच. काम दिसलं की हिचं डोकं दुखतं. डोकं काय, मला नाही दुखत?" दुखतं गं एजे, मान्य. तुला डोकं आहे हे ज्यांना पटत नाही त्यांना मी स्वतः सांगितलंय. पण तुझं डोकं दुखतं तेव्हा तू काय करतेस ते मी बघितलंय. तू रुमाल आवळून बांधतेस, कडक चहाचे वाडगे रिचवतेस, कुंपणापाशी जाऊन शेजारणीशी तिच्या कोंबड्यांवरून भांडतेस, आणि जिंकून परत येतेस तोवर डोकं उतरलेलं असतं. ते डोकं दुखणं. ते गाढवालाही दुखतं, दिवसभर उन्हात बांधून ठेवलं तर. माझं जे आहे त्याला तालुक्याच्या डॉक्टरनं मायग्रेन असं नाव दिलं, आपली आई त्याला अर्धशिशी म्हणायची, आणि मी जे म्हणते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

ऐक, एकदाच सांगते. आदल्या दिवसापासून जांभया येतात आणि गोड खावंसं वाटतं. (तेव्हा तू म्हणतेस, बघा, किती खाते.) मग डोळ्यासमोर एक ठिपका येतो, त्याची नागमोडी रेघ होते, आपल्या लोकरीच्या नमद्याच्या काठावर असते तशी, फक्त ही लखलखते आणि हलते. मग जगाची एक बाजू नाहीशी होते. काळी होत नाही, धूसर होत नाही, नाहीशीच होते. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर अर्धंच तोंड दिसतं, आणि तुझ्या बाबतीत तो फायदाच म्हणायचा. बोटं बधिर होतात, जिभेला शब्द सापडत नाही. एवढं सगळं झाल्यावर मग दुखणं येतं, एकाच बाजूला, जणू कुणी कवटीच्या आत बसून मेख ठोकतंय आणि त्याला जेवायची सुट्टी नाही. उजेड नको, आवाज नको, तळणाचा वास तर नकोच नको. पोटातलं बाहेर येतं, चहासुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी उठावं तर अंगात धुतलेल्या चिंधीइतकाही जीव नसतो. आता सांग, यातलं काय तुला कोंबड्यांवरून भांडून बरं झालंय?

आणि उपाय सांगणारे! ज्याला स्वतःचं पडसं बरं करता येत नाही तो माझ्या डोक्याचा हकीम. माझी चुलतसासू मला ओढून बात्मा म्हातारीकडे घेऊन गेली, ऐन दुखण्यात. तिनं काजळीची खूण करून दोऱ्यानं माझं डोकं मोजलं, इकडच्या कानापासून नाकापर्यंत, तिकडच्या कानापासून नाकापर्यंत, आणि म्हणाली, मेंदू हलला आहे, एका बाजूला सरकून बसला आहे. मग माझ्या दातांत पिठाची चाळण धरायला दिली आणि वरून त्या चाळणीवर लाटण्यानं ठोके दिले, मेंदू जागेवर यायला. एजे, ज्यांचा मेंदू खरोखर हलला असेल त्यांना गुण येत असेल, मी नाव ठेवत नाही. माझा मेंदू जागेवरच होता, तो त्या ठोक्यांनी हलला. पीठ नाकात गेलं, मी शिंकले, आणि शिंकेबरोबर तिच्या नव्या गालिच्यावर बाकीचंही आलं. म्हातारी म्हणाली, "बघ, घाण बाहेर पडली." सासूनं तिला वर चहाची पेटीही दिली. डॉक्टर तरी काय वेगळा? तो गोड आवाजात म्हणतो, ताण घेऊ नका, वेळेवर झोपत जा. मेंढ्या व्यायल्या आहेत, म्हटलं, त्यांना सांगा वेळेवर झोपायला. पण त्यानं दिलेली गोळी चांगली आहे हे कबूल. रेघ दिसताच घेतली तर निम्मं दुखणं वाचतं. फक्त ती गोळी ज्या कोटात असते तो कोट अंगावर असावा लागतो.

तो नव्हता. म्हणूनच हे सगळं झालं, आणि हेच तुला सांगायचं होतं, कारण टॅक्सीवाल्याच्या बायकोनं तुला उलटसुलट सांगितलं असेलच.

आमच्या लेकानं, एर्मेकनं पसंत केलेली झिबेक, तिला डूल घालायला आम्ही गेलो होतो. सासूनं मुलीच्या कानात डूल घातले की लग्न ठरलं, मग मागे फिरणं नाही, हे तुला काय सांगायचं. चांदीचे, लांब लोलकांचे, आपल्या आईच्या डुलांसारखे मुद्दाम घडवून घेतले. मी म्हटलं, नवा कोट घालते, व्याह्यांसमोर काय तो मेंढरांचा वास. गोळी राहिली जुन्या कोटात. रस्त्यात दुतर्फा पॉपलरची झाडं, त्यांतून ऊन डोळ्यावर लखलख-लखलख, वर तुझ्या मेहुण्यानं दाढीला अर्धी बाटली अत्तर चोपडलेलं. मी म्हटलं, काच खाली करा. तर म्हणतो, "धूळ येईल, नवा कोट आहे तुझा." व्याह्यांच्या दारात उतरले तेव्हाच रेघ दिसायला लागली होती.

विहीणबाई भल्या बाई. त्यांनी दृष्ट लागू नये म्हणून दारातच आर्चाच्या झाडाच्या डहाळ्या पेटवून माझ्याभोवती धूर फिरवला. एकदा फिरवला, मग मी शिंकले म्हणून परत फिरवला. आत वीस बायका, कढईत चरबी तडतडतेय, एक कुणी मोठ्यानं हसणारी मामी. (अशी मामी प्रत्येक घरात एक असते, आपल्याकडे तू आहेस.) तोवर माझी डावी बाजू गेली. अर्धी खोली गेली, अर्ध्या बायका गेल्या, तेवढंच बरं वाटलं. झिबेक डावीकडे बसली होती, हे मला नंतर कळलं. मला समोर दिसली ती एकच मुलगी, मान खाली, पांढरा रुमाल. मी म्हटलं, आपलं काम उरकावं आणि अंधार गाठावा. जाऊन तिचा कान धरला.

ती म्हणाली, "नको, नको, आई, मी नाही." आता तूच सांग, डूल घालताना कुठली मुलगी हो-हो म्हणते? थोडं नको-नको म्हणायचंच असतं. मला वाटलं, वा, घरात वळण आहे. एक डूल घातला, दुसरा कान दिसेना, चाचपडून शोधला, त्यातही घातला. तिनं माझा हात धरला, मी म्हटलं मुलगी मायाळू आहे. मग आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं तर शब्द सापडेना. सून म्हणायचं होतं, निघालं किटली. "माझी किटली हो, भरलेल्या घरात नांद," असा आशीर्वाद दिला मी, ओंजळ तोंडावरून फिरवली, ओमिन. आणि खोलीत अशी शांतता झाली, अशी शांतता, की मला वाटलं, चला, शेवटी या बायकांना अक्कल आली, आजाऱ्यासमोर गप्प बसायची.

डूल घालताना आणि चालू आशीर्वादात मधे बोललं तर अपशकुन होतो ना, म्हणून वीस बायका ओठ मिटून बसल्या होत्या. ओमिन झाल्याबरोबर ती मामी किंचाळली, "अगं बाई, ही थोरली! धाकटी ही इकडे बसलीये!" ते किंचाळणं अजून माझ्या उजव्या डोळ्यामागे आहे.

ती थोरली, उलबोलसुन. आईबापांना पोरगा हवा होता म्हणून ठेवलेलं नाव, पोरगा व्हावा असं, आणि पाठीवर पुन्हा झिबेकच आली. तिशी उलटली, शाळेत पोरांना गणित शिकवते, लग्न झालेलं नाही. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या, झिबेक रडायला लागली, पलीकडच्या खोलीतून पुरुष काय झालं, काय झालं करत आले, तुझा मेहुणा अत्तरासकट. आणि ही पोरगी, कानात माझे डूल लोंबताहेत, उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये ना?" मी मान हलवली. एक प्रश्न विचारला नाही तिनं पुढे. हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, खिडकीवर नमदा लटकवला, भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेर नेलं, बादली आणून ठेवली, दार लावलं. बाहेर जाऊन काय म्हणाली कोण जाणे, ती मामीसुद्धा गप्प झाली.

पण आता पेच बघ. मी बादलीत तोंड घालून पडले होते तेव्हा बाहेर निवाडा झाला. त्यांची आजी आहे, नव्वदीची, तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. ती म्हणाली, सासूनं घातलेला डूल सासूनंच काढला तर त्या मुलीला पुन्हा कुणी विचारत नाही, आमची पोरगी काही खुंटी नाही डूल अडकवायला आणि काढायला. एर्मेक म्हणतो झिबेकशिवाय कुणी नको, झिबेक म्हणते एर्मेकशिवाय कुणी नको, आणि उलबोलसुन म्हणाली, "हा पोरगा आठवीत होता तेव्हा मीच त्याला अपूर्णांक शिकवलेत, त्याला ते अजून येत नाहीत." शेवटी आजीनं तोड काढली: धाकटी तुमचीच, पण आधी थोरलीनं डुलांसकट तुमच्याच रक्तातल्या कुणाच्या तरी घरी जायचं. बापाच्या बाजूचा नसेल तर आईच्या बाजूचा चालेल. तोवर झिबेकच्या कानाला हात लावायचा नाही. तेव्हापासून एर्मेक जेवत नाही, मेंढ्यांशी बोलतो, आणि तुझा मेहुणा रोज सकाळी मला विचारतो, "आज तरी नीट दिसतंय ना?" त्याला काय उत्तर देते ते तुला अंदाजानं कळेल.

एवढंच सांगायचं होतं. तुझ्याकडून मला काही नको. फक्त यापुढे चार बायकांत माझ्या डोक्याचा विषय निघाला तर तोंडातला बोर्सोक आधी गिळत जा. गुडघ्याला लोकर बांध. पोरांना माझ्याकडून कपाळाची पापी.

तुझी धाकटी,
झूरा

ता. क. तुझा कुबानिच कसा आहे? पस्तिशीचा झाला ना गं? अजून तुझ्याच हातचं जेवतो ना? आपल्या आईचं रक्त त्याच्यात आहे, हे मी आजीला सहज बोलता बोलता सांगून ठेवलंय. त्याला इकडे पाठव, लवकर, पहिलं बर्फ पडून घाट बंद व्हायच्या आत. घोडा बघायला म्हणून पाठव. घोडाही आहे, अगदीच खोटं नाही.

ता. क. दुसरा. त्याचा फोटो मी उलबोलसुनला दाखवला. तिनं नीट बघितला आणि एकच विचारलं, आवाज मोठा आहे का. मी म्हटलं, त्याची आई वीस वर्षं रडतेय की हा तोंडच उघडत नाही. ती म्हणाली, "मग येऊ द्या." तेव्हा ज्याला तू दोष म्हणत आलीस तो इथे खपला, देवाचे आभार मान. येताना त्याला अत्तर लावू देऊ नकोस आणि दारात हॉर्न वाजवू नको म्हणावं.

ता. क. तिसरा, मग थांबते. मुलगी शिकलेली, शांत, हाताला चव आहे. महिन्यातून एखाद वेळ खिडकीला नमदा लावून दिवसभर पडते, बादली जवळ घेऊन. तिचीही कधी डावी बाजू जाते, कधी उजवी. तुला काळजी करायचं कारण नाही, एजे. तूच सगळ्यांना सांगतेस ना, साधं डोकंच दुखतं, चहा प्यायला की उतरतं? मी तिला तुझं हे मत कळवलंय. तुला भेटायची तिला फार उत्सुकता आहे.