बाबांची मूठ

४ जाने.
पहिली फेरी कर्वेनगर. पाठीवर थंड डबा, आत दोन कुप्या. बोटॉक्स. कपाळाच्या आठ्या घालवायचं इंजेक्शन. कौंटरवरची मॅडम आधी डब्यातला थर्मामीटर बघते, मग सही. आज बोलली, "अहो, बर्फाचं पाणी व्हायच्या आत आलात! उपकार झाले." खुर्चीवर एक काकू विचारत होत्या, किती दिवस टिकतं हो. तीन-चार महिने. काकू बोलल्या, "एवढंच?" सगळ्या हेच बोलतात.

दुसरी फेरी विश्रांतवाडी. तोच डबा, तसलीच कुपी. इथे पॅरालिसिसवाले बसलेले असतात, आखडलेले हात छातीशी धरून, ते सैल करून घ्यायला. सहा महिने झाले पोचवतोय. बाबांचा हातही असाच, हे डोक्यात आजच आलं.

५ जाने.
बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन दोन वर्षं होतील. पाय सुधारला. उजवी मूठ मिटली ती मिटलीच. नखं तळव्यात रुततात, जखम, वास. आई चमच्याचा दांडा घालून बोटं उचलते आणि मिठाच्या पाण्याने धुते. तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करतात. मी दिवाळीला बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पुण्याला परत आलो. सुट्टी पाच दिवसांची होती.

९ जाने.
वि.वाडीच्या डॉक्टर मॅडमला सही घेताना विचारूनच टाकलं. फोटो दाखवला. बोलल्या, "सांधा धरला नसेल तर सैल होईल. पुढच्या गुरुवारी आणा. मी सगळ्यांना गुरुवारीच बोलावते. कुपी फोडली की त्याच दिवशी संपवायची, चौघांत वाटून जाते." मी निघालो तर मागून, "आणि गाडी जरा हळू. तुमच्या आधी तुमचा डबा येतो ऐकू."

१० जाने.
घरी फोन. बाबांना कोणीतरी सांगितलंय की हे तोंडाला टोचतात. "मले कायले? म्या का पिच्चरमधे काम करतो?" आई मागून हसली. कितीतरी दिवसांनी. मग बोलली, "मी म्हशीपाशी रायतो. त्याहीले बसवून देतो गाडीत."

१५ जाने.
बाबा वाघोलीला उतरले. उजव्या मुठीत पिशवी अडकवलेली. गावात घरोघर दूध घालताना किटलीही अशीच अडकवतात. कडी एकदा मुठीत बसली की निघत नाही, आकडाच तो. डाव्या हाताने माप. आजारी पडले पण लोकांचं दूध चुकलं नाही, हे गावभर सांगतात.
बिबवेवाडीच्या खोलीवर आणलं. खोलीतल्या पोरांनी कॉट दिली. बाबा बोलले, "इतक्याशा खोलीत चौघं? म्हशीले याहून जागा हाय."

१६ जाने.
झालं.
मॅडमनी बाबांची बोटं एकेक ओढून बघितली. मग, "काका, या हातानं काही करता का? काही धरता, अडकवता?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बोललो, "नाही मॅडम. काहीच नाही."
हो बोललो तर देणारच नाहीत, असं वाटलं. वाटलं पण नाही, तोंडातून निघून गेलं. बाबा चार माणसांत आपल्या पोराला खोटं पाडत नाहीत.
मॅडम सुई भरता भरता बोलल्या, "बरं झालं. नाहीतर थोडं राखून द्यावं लागतं. सैल झाला की हातातला जोरही जातो."
तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. जिभेवर आलेलं. पण त्या टोचायला लागल्या.

१७ जाने.
बाबांना गाडीत बसवलं. पिशवी मुठीत अडकवली, म्हणजे तोवर बसत होती. बोलले, "येतो." बस, एवढंच.

२३ जाने.
आईचा फोन. करंगळी आपोआप सुटली.

२७ जाने.
सगळा तळवा उघडला. आईने साबण लावून धुतला. आतली कातडी पांढरी, लहान लेकरासारखी, असं बोलली. वास गेला. नखं कापली, बाबा ओरडले नाहीत. आई एकच गोष्ट तीनदा सांगत होती. मी डबा घेऊन सिग्नलला उभा. मागचे हॉर्न मारत होते.

२९ जाने.
किटली निसटली. सरपंचाच्या दारात, सगळं दूध. बाबांनी रिकामी किटली डाव्या हातात घेतली आणि घरी आले. आता आई दूध घालायला जाते. बाबा ओट्यावर बसतात. "जखम भरून आली रे," आई बोलली.

१ फेब्रु.
वि.वाडी. मॅडमना सांगून टाकलं, किटलीचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी विचारलं होतं ना?"
हो.
"आता टोचल्यापासून तीन महिने थांबायचं. असर उतरेल. मग काका आणि मी ठरवू, किती द्यायचं, कुठल्या बोटाला. तुम्ही बाहेर बसायचं."
सही दिली. डब्याकडे बघितलं पण नाही.

३ फेब्रु.
क.नगर. खुर्चीवर दुसऱ्या काकू, प्रश्न तोच. "एवढंच?"
पहिल्यांदाच वाटलं, काकूंना काहीतरी बोलावं. सही घेऊन निघालो.

५ फेब्रु.
आज बाबांनी स्वतः फोन लावला. ते कधी लावत नाहीत.
"पवन, हे किती दिवस टिकते?"
"तीन-चार महिने."
"इतके?"
मागे म्हैस ओरडत होती. मी बोललो, एप्रिलात परत आणतो, मॅडम तुम्हालाच विचारून ठरवणार. मागून आईचा आवाज, "हव म्हना, अजी, हव म्हना."
बाबा बोलले, "तुही माय रोज हात धुते माहा. धरूनच बसते मंग."
आणि फोन ठेवला.
एप्रिलची तारीख मॅडमनी चिठ्ठीवर दिलीय. चिठ्ठी डब्याच्या झाकणात खोचलीय. घरी कळवली नाही अजून.