सायीसकट दह्याच्या भिंती

१६ एप्रिल. सकाळ.
बायकोला, द्वारकेला, सोयगावच्या एसटीत बसवून दिलं. घर रंगवून होईपर्यंत ती भावाकडे, नानासाहेबाकडे. मागच्या खेपेला ऑइल पेंट लावला तेव्हा तिची धाप पावसाळा संपला तरी हटली नव्हती. या खेपेला तिनं आधीच बजावलं, भिंतीला वास असंल तर मला आणू नका, मी तिथंच बरी. मी म्हणालो, या घरात वास नावाचा पदार्थ शिल्लक राहणार नाही. ती म्हणाली, बोलता लई छान तुम्ही.
कौतुकच ते.
अक्षय्य तृतीयेला येणार. संकल्प: भिंतींना चुना, दही, गूळ. दारांना आणि दिवाणाला जवसाचं तेल आणि राळ. डब्यातलं, कंपनीचं काही नाही. उपासमार झाली तर घर खाता आलं पाहिजे.

१७ एप्रिल.
शेजारी निजामुद्दीनभाईंकडे शफीक पेंटरचं काम चालू आहे. सहज डोकावला. म्हणाला, कमी वासाचा डबा मिळतो साहेब, दोन दिवसांत उरकतो. मी त्याला पंचमहाभूतं समजावली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दही त्यात कुठं बसतं? म्हटलं, पृथ्वी आणि जल यांच्या मधोमध. मग म्हणाला, तुमचं तुम्हीच करा साहेब, आमच्या ब्रशला हे झेपायचं नाही.
विनयी माणूस.

१८ एप्रिल.
काकासाहेबांना फोन केला. (संपादक. मी त्यांचा पडेगाव-दौलताबाद भागाचा वार्ताहर.) लेखमाला सुचवली: ‘निसर्गाच्या रंगात आपलं घर’, तीन भाग. रविवारची जागा रिकामीच होती म्हणाले. पहिला भाग बसल्या बैठकीत लिहून धाडला. त्यात ‘मी अनुभवाने सांगतो’ असं दोनदा आलंय. अनुभव उद्यापासून.

२० एप्रिल.
शहागंजातून चुना आणला. कृतीचं पुस्तक बारीक बुद्धीच्या माणसानं लिहिलंय. म्हणे दूध साय काढलेलं हवं. म्हणे तेलाचा हात पातळ द्यावा आणि जास्तीचं फडक्यानं पुसून घ्यावं. पैठणच्या पाठशाळेत सहा वर्षं काढली मी. नैवेद्याला निवळ ताक ठेवलं असतं तर गुरुजींनी पळीनं बडवलं असतं. ज्या वास्तूत राहायचं तिलाच सायीशिवाय दही? म्हशीचं, सायीसकट, मोठं पातेलं भरून विरजलं. गूळही हात सैल सोडून घातला.

२१ एप्रिल.
लेख छापून आला. फोटोसकट. दोन फोन. एकाला भाड्यानं घर हवं होतं.

२२ एप्रिल.
हॉल झाला. काय रंग! शरदातल्या ढगासारखा. चुन्यावर काही दिवस पाणी मारायचं असतं. नळाला पाणी आज नाही. उद्याही नाही. ड्रम वापरला. म्हणजे आंघोळ नाही. तपाला बसलेले लोक कुठं रोज आंघोळ करायचे?
(करायचे. पण त्यांना गोदावरी होती.)

२४ एप्रिल.
मुंगळे. भिंतीवर खालपासून वरपर्यंत एक ओळ, शिस्तीत. याचा अर्थ विष अजिबात नाही. दुसऱ्या भागाला उत्तम पुरावा.
किंचित वास येतो. ताज्या दह्याचा. म्हणजे ताज्या नाही, पण दह्याचा.

२६ एप्रिल. दुपार.
उकाडा भयंकर म्हणून कूलर लावला. भिंत पुन्हा ओली झाली. कूलर बंद केला. भिंत सुकते आहे, मीही.
द्वारकेचा फोन. जेवलात का. जेवलो म्हटलं. काय जेवलात. दहीभात. रोज? म्हटलं, दही उरलंय. धाप कशी आहे विचारलं तर म्हणाली, इथं काहीच नाय, रात्री गाढ झोप लागते. आनंद वाटायला हवा होता, तो वाटून घेतला.

२८ एप्रिल.
आज लाकूडकाम. तेलात राळ कढवून घट्ट केली. सगळ्या दारांना, चौकटींना, दिवाणाला दिली. पुसणं वगैरे नाही. सागवान वर्षानुवर्षं तहानलेलं. त्याच्या तोंडचा घोट मी काढून घेऊ? दोन हात. मग उरलं होतं म्हणून तिसरा.
दारं आरशासारखी चमकतात. मेलेल्या मासळीसारखा वास आहे, पण तो तेलाचा, रंगाचा नव्हे. द्वारकेला शब्द दिला तो भिंतीपुरता.

३० एप्रिल. रात्री.
आजची घटना लेखात घेऊ नये.
दुपारी वावटळ उठली. ओल्या भिंतीला धूळ बसू नये म्हणून बेडरूमचं दार ओढून घेतलं आणि जरा आडवा झालो. उठून बघतो तर दार चौकटीला चिकटलेलं. ओढलं, कडी हातात आली. फोन हॉलमध्ये. शेवटी खिडकीच्या जाळीतून निजामुद्दीनभाईंना हाका मारल्या. शांत आवाजात मारल्या, पण तिसऱ्या गल्लीतले बन्सी टेलर विचारायला आले म्हणतात.
निजामुद्दीनभाई आत आले. आमचं पुढचं दार उघडंच असतं, तेही लागत नाही. बाहेरून म्हणाले, क्या करके बैठे जी पंडितजी, खुद का घर खुद को चिपका लिए? मग म्हणाले, तुमी अंदर से खेंचो, मैं ढकेलतूं. तिसऱ्या धक्क्याला ते दारासकट माझ्या अंगावर. त्यांच्या नव्या कुर्त्याच्या खांद्यावर आमच्या दाराची नक्षी उमटली. माझ्या दारावर कुर्त्याचं सूत.
हे सूखता कब है, त्यांनी विचारलं. म्हटलं, निसर्गाला घाई नसते. हौ, म्हणाले, भाभी को भी नै होगी फिर.
त्यांच्या घरून आबेदाभाभींनी रात्री डाळ-भात पाठवला. दही नको असं आवर्जून कळवलं होतं.

३ मे.
दारांवर वावटळीची धूळ बसून वाळू-कागद तयार झालाय. पुढचं दार जोरानं लावलं तर बेडरूमसारखं होईल, म्हणून लावत नाही. लावत नाही म्हणून कुलूप नाही. कुलूप नाही म्हणून बाहेर जाता येत नाही. बातम्या फोनवर घेतो. दौलताबादला काही घडलं असेल तर घडलं असेल.
दिवाणावर बसता येत नाही. गच्चीवर झोपतो. आकाशाला कसला हात दिलेला नाही, बरं आहे.

७ मे.
वास जवळजवळ गेला. निजामुद्दीनभाईंचं मत वेगळं. ते रुमाल धरून बोलतात. नाकाची सवय हा विषय तिसऱ्या भागात घ्यावा.
द्वारकेला फोन केला, ये म्हटलं, घर वाट बघतंय. ती म्हणाली, घर का? मी विषय बदलला.

१० मे. अक्षय्य तृतीया. रात्री.
आली. नानासाहेबानं जीपमधून आणली. दारात थांबली, भिंतींकडे बघितलं आणि म्हणाली, रंग छान दिसतोय की हो. मी नानासाहेबाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तो दिवाणावर बसायला निघाला, मी ओरडलो. तेवढ्यात तिनं पदर नाकाला लावला. हॉलच्या मध्यापर्यंत आली. स्वयंपाकघरापर्यंत पोचली नाही.
आबेदाभाभींनी तिला हाताला धरून त्यांच्याकडे नेलं, पंखा लावला. तिनं धापेचा पंप घेतला. ओठ निळसर झाले होते. मी समोर उभा. श्वास परत यायला बराच वेळ लागला. मग तिनं हळूच विचारलं, अहो, भिंतीत टाकलंय तरी काय? दही म्हटलं. साय काढली होती का? मी शफीकनं रंगवलेल्या भिंतीकडे बघत राहिलो. तिला कसलाच वास नव्हता.
त्याच जीपनं गेली. रागावली नाही. म्हणाली, वास गेला की बोलवा, नाय तर तुम्हीच या तिकडं. जाताना पुरणपोळीचा डबा दाराबाहेर ठेवला.
हवापालट चांगलाच असतो.

१३ मे.
शफीकला बोलावलं. त्यानं बोट लावलं, वास घेतला, बोट धुतलं. या तेलावर आणि सायीवर कुठलाच डबा धरणार नाही म्हणाला. सगळं खरवडावं लागेल. आता लग्नाच्या घरांची कामं हातात आहेत, मग पाऊस. दिवाळीला बघू साहेब.
दिवाळी.

१४ मे.
सोयगावला फोन. दिवाळी म्हटल्यावर तिनं मोठ्यानं महिने मोजले. मग म्हणाली, तुम्ही तरी या. म्हटलं, दार लागत नाही. ती म्हणाली, चोराला तरी त्या घरात शिरवंल का? तर्क बिनतोड आहे. पण घर उघडं टाकून वार्ताहर पळाला अशी बातमी मीच द्यायची का?
तिनं विचारलं, जेवलात का.

१८ मे. दुपार.
काकासाहेबांना समारोपाचा भाग आज हवा. वाचकांची पत्रं येताहेत म्हणे. एकानं पडेगावातच दही लावायला घेतलंय. गच्चीवरच्या पत्र्याच्या सावलीत बसून लिहिला. शेवटचं वाक्य पुष्कळ वेळ जमेना, मग जमलं: ‘आज आमच्या घरात कुणालाही धाप लागत नाही.’
पुन्हा वाचून पाहिलं. खोटं एक अक्षरही नाही. पाठवून दिलं.